हस्तकौशल्याचे शिक्षण आणि प्रोत्साहन : सिंदी ते सेवाग्राम

१. विषयाची व्याप्ती

वर्धा शिक्षण योजना अथवा नयी तालीम या विषयावर आजवर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक चर्चा योजनेमागील तत्त्वज्ञान, तिचे राजकारण आणि तिच्या आर्थिक स्वावलंबनाचा वाद या तीन प्रश्नांभोवती फिरते. शाळेत येणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या हाताला एखादी क्रिया प्रत्यक्षात कशी साधावयाची, चुकलेल्या हाताला सुधारण्याचा हुरूप कोठून मिळावयाचा आणि या कामी शिक्षक, सोबती व साधन यांचा वाटा कोणता, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक योजनेच्या यशापयशाचे मूळ याच प्रश्नात आहे. त्याचा विचार वर्ध्याच्या परिसरातील दोन प्रयत्नांच्या आधारे करता येतो. एक प्रयत्न १९३५ साली सिंदी या गावी झाला. दुसरा १९३७ नंतर वर्धा व सेवाग्राम येथे आकारास आला.

२. सिंदीचा प्रयत्न

वर्धा शहराला लागून असलेले सिंदी, म्हणजे आजचे सिंदी मेघे, हे १९३५ साली एक लहानसे खेडे होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत व घरात संघाचे कार्य सुरू झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ या जागेस मगनवाडी हे नाव मिळाले. गांधीजी १९३५ च्या आरंभी तेथे राहावयास आले. ग्रामसेवेचा आरंभ ग्रामसफाईपासून व्हावा असे त्यांचे मत असल्याने मगनवाडीतील मंडळी बादल्या व फावडी घेऊन सकाळी सिंदीस जाऊ लागली. महादेव देसाई यांचा या कामात भाग होता, आणि मीराबेन तर पुढे गावातच राहावयास गेल्या. रस्त्याच्या कडेची घाण उचलावी, ती मातीआड करावी, तिचे खत व्हावे आणि हे सर्व कोणासही दूषण न देता करून दाखवावे, असा हा उपक्रम होता.

महादेवभाईंनी ‘हरिजन’ साप्ताहिकात या कामाचे वृत्त वेळोवेळी दिले आहे. त्यावरून दिसते ते असे की, सफाई करणाऱ्यांच्या चिकाटीत उणीव नव्हती, तरी गावकऱ्यांच्या सवयी मात्र फारशा पालटल्या नाहीत. पुष्कळ जण पाहणाऱ्याच्या भूमिकेत राहिले. १९३६ साली मीराबेन शेगावास गेल्या. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी गांधीजीही तेथे राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी टपालात घोटाळा होऊ लागल्याने १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले.

सिंदीच्या या अनुभवाचे स्पष्टीकरण सामाजिक अंगाने देता येते. सफाईचे काम ज्या समाजव्यवस्थेत विशिष्ट जातींवर लादलेले होते, तेथे इतरांनी त्याकडे पाठ फिरविणे अनपेक्षित नव्हते. परंतु शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात एक बोध आहे. सिंदीत उदाहरण होते, सहनशीलता होती, निंदेचा अभाव होता. नव्हती ती शिकणाऱ्याची स्वतःची कृती. ज्याने हातात फावडे घेतलेच नाही त्याचे कौतुक कशाचे करावयाचे आणि त्याची चूक कशी दाखवावयाची? प्रोत्साहन हे केलेल्या कृतीलाच देता येते. कृतीचा पहिला तुकडा, कितीही ओबडधोबड असो, शिकणाऱ्याच्या हातून घडल्यावाचून शिक्षणाचा आरंभ होत नाही. पाहून मन वळेलही, पण हात वळत नाही.

३. पूर्वपरंपरा

महाराष्ट्रात हाताचे अथवा शरीराचे कौशल्य शिकविण्याच्या जुन्या परंपरा होत्या. पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षर गिरवीत, आणि मोठी मुले लहानांचा हात धरून त्यांना वळण लावीत. सोबत्याकडून शिकण्याची ही रीत भारतात इतकी रूढ होती की, मद्रास येथे अनाथ मुलांच्या शाळेवर काम करणारे अँड्र्यू बेल यांनी १७८९ पासून तिचा उपयोग केला आणि १७९७ साली आपला अनुभव लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडात ही रीत मोठ्या प्रमाणावर पसरली. मात्र पंतोजीच्या शाळेत सोबत्याच्या साहाय्याबरोबर छडीही होती. चूक झाली की शिक्षा, आणि चूक झाली नाही की मौन, असा तेथील सामान्य क्रम होता.

आखाड्यातील रीत काहीशी निराळी होती. मल्लविद्येत वस्ताद डाव दाखवी, परंतु डाव बसला की नाही याचा निर्णय जोडीदाराच्या अंगावरच होत असे. मल्लखांबाचे तर साधनच परीक्षक असते: पकड सैल झाली तर अंग घसरते, आणि बरोबर बसली तर ते खांबावर तोलले जाते. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला जे नवे चैतन्य दिले, त्याच्या परंपरेत तालमीतील सोबत्यांची नजर आणि ‘शाबास’ हा उद्गार यांचे स्थान मोठे राहिले. कारागिराच्या घरी मूल बापाच्या मागाजवळ बसून शिके. तेथे बिघडलेला माल हीच शिक्षा असे आणि जमलेला माल हीच शाबासकी. या तिन्ही परंपरांतील साहित्य वर्ध्यापुढे होते. प्रश्न होता तो त्यांपैकी काय घ्यावे आणि सार्वत्रिक शाळेत ते कसे बसवावे, हा.

४. १९३७ ची परिषद आणि अहवाल

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षणाची गुंफण आणि त्या उद्योगातून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च क्रमाक्रमाने निघावा अशी अपेक्षा, हे तिच्या ठरावांचे सार होय. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्यात विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, प्रा. के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सैयदैन, आर्यनायकम् आणि आशादेवी यांचा समावेश होता. समितीने आपला अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी सादर केला.

अहवालातील वेळापत्रक लक्षणीय आहे. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली होती. म्हणजे जवळजवळ साठ टक्के वेळ. मातृभाषेस ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे, आणि शारीरिक शिक्षण व मधली सुट्टी यांना प्रत्येकी १० मिनिटे, अशी वाटणी होती. प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणास घातक ठरली आहे असे समितीचे स्पष्ट मत होते. विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या कामाच्या नोंदींवरून शिक्षकानेच त्याच्या प्रगतीचा निर्णय करावा असे तिने सुचविले. वर्षाच्या शेवटी एकदाच मिळणाऱ्या निकालाऐवजी रोजच्या कामाच्या निकालास महत्त्व देणे, हा या सूचनेचा आशय होय.

१९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली. शांतिनिकेतनाचा अनुभव घेऊन वर्ध्यास आलेले आर्यनायकम् दांपत्य या कार्याचे प्रमुख आधारस्तंभ होते. त्याच वर्षी मध्यप्रांत सरकारच्या विद्यामंदिर योजनेखाली वर्ध्यास शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालयही सुरू झाले.

५. टकळी : साधन हेच परीक्षक

मूलोद्योगांत कताईला अग्रस्थान मिळाले याची कारणे सर्वश्रुत आहेत. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट व पुलगाव येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिलेल्या, आणि शेतकऱ्याचे मूल मात्र कापूस वेचण्यापलीकडे त्याच्याशी संबंध न ठेवणारे. परिषदेत टकळीचेच उदाहरण घेऊन गांधीजींनी इतिहास, भूगोल व गणित या साधनातून कसे शिकविता येतील याचे दिग्दर्शन केले होते. परंतु टकळीची आणखी एक योग्यता आहे, जिचा उल्लेख क्वचित होतो. शिकणाऱ्याला ती तत्काळ उत्तर देते.

टकळी म्हणजे धातूची बारीक काडी. खालच्या टोकाजवळ चकती, वरच्या टोकास सूत अडकविण्याची सोय. उजव्या हाताने ती फिरवावयाची व डाव्या हातातील पेळूतून तंतू सोडीत जावयाचे. हात फार वेगाने मागे घेतला, तर पीळ भरण्यापूर्वीच तार तुटते. हात रेंगाळला, तर पीळ जास्त होऊन सूत स्वतःभोवतीच वळते व त्याची वेटोळी होतात. बोटांचा दाब कमीजास्त झाला, तर सूत कोठे जाड, कोठे बारीक निघते. दोन्ही हातांचा मेळ बसला, तर एकसारखी तार हातभर लांब निघते आणि मुलाच्या ध्यानात येते की हे आपणास साधले. चूक आणि तिचे फळ यांत क्षणाचेही अंतर नाही. यश आणि त्याचे समाधान यांतही नाही. शिक्षकाच्या रागालोभाचा या निर्णयाशी काही संबंध नसतो.

अभ्यासक्रमाची बांधणीही पायरीपायरीची होती. प्रथम टकळी, नंतर चरखा. आणि कताईबरोबर कापूस साफ करणे, सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे या क्रिया. दोन्ही हातांनी टकळी फिरविण्याचा सराव व्हावा असा आग्रह होता, कारण त्यायोगे एका हाताला विसावा मिळतो आणि दुसरा हात पहिल्याचा शिष्य होतो. वर्ध्याजवळच्या नालवाडी येथे विनोबांनी स्वतः टकळीवर दीर्घकाळ प्रयोग केले होते. अवघड क्रियेचे लहान तुकडे पाडावे, एक साधला की दुसरा घ्यावा, ही या बांधणीमागील दृष्टी होती. अशा क्रमात मुलाला यशाचे प्रसंग वारंवार लाभतात आणि अपयशाचे प्रसंग लहान राहतात.

६. सोबत्याची नजर

सूत मोजण्याची पद्धती सोबत्याच्या सहभागास अनुकूल होती. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लट आणि ६४० तारांची, म्हणजे सुमारे ८५० यारांची, एक गुंडी. एक पौंड वजनात जितक्या गुंड्या बसतील तितका त्या सुताचा अंक. सुताची कसोटी चार बाबींवर होई: गती, अंक, समानता आणि मजबुती. यांपैकी कोणतीही बाब मताची नाही. प्रत्येक मोजता येते. त्यामुळे एका मुलाने दुसऱ्याचे सूत तपासले, तर त्यात स्तुती वा निंदा यांना फारसा अवसर राहत नाही. ‘तुझे सूत वाईट आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘येथे पीळ कमी पडला’ असे म्हणणे सोपे होते. सोबत्याचा अभिप्राय उपयुक्त ठरण्यासाठी तो माणसाविषयी नसून कृतीविषयी असावा लागतो, आणि दोघांनाही कसोटी आधीपासून ठाऊक असावी लागते. वर्ध्याच्या पद्धतीत ही अट साधनानेच पुरी केली होती. शिवाय दुसऱ्याच्या सुतातील दोष शोधणाऱ्या मुलाची नजर आपल्या सुताकडे वळल्यावाचून राहत नाही, तपासणाराही शिकतोच.

सेवाग्रामच्या शाळेत ही वृत्ती कताईपुरती राहिली नाही. स्वयंपाक, सफाई, बागकाम यांची कामे मुलांच्या गटांत वाटून दिली जात. त्यांवर मुलांनीच निवडलेले मंत्री असत. आणि आमसभेत कामाचा वृत्तांत सांगितला जाई व त्यावर चर्चा होई. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत नयी तालीम ही जन्मभराची शिक्षणपद्धती म्हणून मांडली गेली, तेव्हा हे सामूहिक जीवनच तिचा पाया मानले गेले. सिंदीत जे काम गावासाठी इतरांनी केले होते, तेच सफाईचे काम सेवाग्रामात शिकणाऱ्यांच्या हाती आले. खड्डा किती खोल, मातीचा थर किती जाड, खत केव्हा तयार झाले, हे सर्व त्यांनी करून पाहावयाचे व एकमेकांस विचारावयाचे होते. एका प्रयत्नातून दुसरा जाणीवपूर्वक निघाला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोहोंतील फरक शिक्षणदृष्ट्या निर्णायक आहे.

७. मानसशास्त्राची साक्ष

याच सुमारास पाश्चात्य मानसशास्त्र निराळ्या मार्गाने याच प्रश्नाजवळ आले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ पासून प्राण्यांच्या अध्ययनाचे प्रयोग करून, समाधानकारक फळ देणारी कृती दृढ होते असा नियम मांडला. १९३० च्या सुमारास त्यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली: बक्षिसाने योग्य कृती जितकी दृढ होते, तितकी शिक्षेने अयोग्य कृती क्षीण होत नाही. त्यांच्या आणखी एका प्रयोगात माणसांना डोळे मिटून ठराविक लांबीच्या रेषा पुनःपुन्हा काढावयास सांगितले. रेषा बरोबर आली की नाही हे कळत नव्हते, तोवर कितीही पुनरावृत्तीने सुधारणा झाली नाही. केवळ घोटण्याने कौशल्य येते या समजुतीस हा मोठा धक्का होता. बी. एफ. स्किनर यांचा प्राण्यांच्या वर्तनावरील ग्रंथ १९३८ साली, म्हणजे तालीमी संघाच्या स्थापनेच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. इष्ट कृतीच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक लहान पावलास तत्काळ प्रोत्साहन द्यावे, हे सूत्र पुढे त्यांच्या कार्यातून रूढ झाले.

या सूत्राची एक अलीकडील शाखा विशेष लक्ष देण्याजोगी आहे. अमेरिकेत व्यायामपटूंच्या शिक्षणात अवघड हालचालीचा एकच सूक्ष्म भाग निवडून, तो बरोबर घडताच एक लहानसा ध्वनी करण्याची रीत पुढे आली. शिक्षक बोलत नाही, रागावत नाही. ध्वनी झाला तर साधले, न झाला तर पुन्हा प्रयत्न. हा ध्वनी करण्याचे काम सोबतीही करू शकतात. २०१६ साली न्यूयॉर्क येथील अस्थिशल्यविशारद मार्टिन लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांस गाठ बांधणे व हाडास छिद्र पाडणे या क्रिया या पद्धतीने शिकविल्या. नुसत्या प्रात्यक्षिकाने शिकलेल्यांपेक्षा त्यांचे काम अधिक अचूक झाल्याचे त्यांनी नोंदविले. जे कार्य तेथे ध्वनी करतो, ते वर्ध्याच्या वर्गात न तुटलेली तार करीत होती. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ध्वनी बाहेरून दिलेला संकेत आहे, तर तार हे कृतीचेच फळ आहे. बाह्य संकेत कधी तरी थांबवावा लागतो. फळ मात्र शाळा सुटल्यावरही मिळत राहते.

८. पद्धतीचा ऱ्हास

इतके असून ही पद्धती बहुसंख्य शाळांत का टिकली नाही? कारणे अनेक आहेत: प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा, नोकरीकडे नेणाऱ्या शिक्षणाची लोकांची ओढ, साधनांची हेळसांड. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक कारण प्रमुख आहे. मुलाला त्याची प्रगती दाखविणारे मोजमाप हेच शाळेची कमाई दाखविणारे मोजमाप झाले. प्रा. के. टी. शहा यांनी १९३७ सालीच स्वावलंबनाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला होता. आणि आर्थिक बाजूवर भर देण्याच्या भरात शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका खुद्द अहवालातही नमूद होता. गुंड्यांची संख्या जेव्हा शिक्षकाच्या वेतनाशी जोडली जाते, तेव्हा तुटलेली तार शिकण्याची संधी राहत नाही. ती तूट होते. सोबत्याची नजर साह्याची न राहता देखरेखीची होते. जी संख्या कालपर्यंत मुलाला ‘तू पुढे गेलास’ असे सांगत होती, तीच ‘तू कमी पडलास’ असे सांगू लागते.

दुसऱ्या टोकाचा दोषही घडला. स्वातंत्र्यानंतर अनेक शाळांना ‘बुनियादी’ हे नाव मिळाले, पण तेथे टकळी वेळापत्रकातील एका तासापुरती उरली. सूत काय झाले, त्याचा अंक किती, याची चौकशीच नसल्यास साधनाचे उत्तर ऐकणारा कोणी राहत नाही, आणि थॉर्नडाइकच्या प्रयोगातील मिटल्या डोळ्यांच्या रेषांप्रमाणे नुसती पुनरावृत्ती शिल्लक राहते. जी. रामचंद्रन् यांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समितीने १९५६ साली बुनियादी शिक्षणाच्या स्थितीची पाहणी केली. पुढे कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचविले. संज्ञा बदलत गेल्या. हाताच्या शिक्षणात प्रोत्साहनाचा व अभिप्रायाचा प्रश्न बहुतांशी तसाच राहिला.

९. निष्कर्ष

सिंदी ते सेवाग्राम या काही मैलांच्या अंतरात हस्तकौशल्याच्या शिक्षणाचे तीन निष्कर्ष हाती येतात. पहिला, उत्तम उदाहरण हे शिक्षणाचे निमंत्रण होय, शिक्षण नव्हे; शिकणाऱ्याच्या हातून पहिली कृती घडेल अशी योजना करावी लागते. दुसरा, प्रोत्साहन तत्काळ, लहान आणि कृतीशी निगडित असावे. ते साधनातून मिळाल्यास सर्वोत्तम, सोबत्याकडून मिळाल्यास उत्तम, आणि शिक्षकाने त्या दोहोंची व्यवस्था लावणे हे त्याचे मुख्य काम. तिसरा, प्रगतीचे मोजमाप आणि उत्पन्नाचे मोजमाप एकाच वहीत लिहू नये.

सेवाग्राम येथे २००५ पासून नयी तालीमच्या प्रेरणेने आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. दहा दिवसांत कोणतेही कौशल्य हाती येत नाही हे उघड आहे. परंतु त्या दहा दिवसांत मूल कारागिराच्या शेजारी नुसते उभे राहणार, की त्याच्या हातून एक तरी क्रिया घडून तिचे बरेवाईट त्याला व त्याच्या सोबत्याला स्वतः ओळखता येणार, यावर त्या सूचनेचे मोल ठरेल. पहिल्या प्रकाराचे फळ काय असते, हे सिंदीच्या रस्त्यांनी १९३५ सालीच दाखवून दिले आहे.